डाव्या हाताची नस गेली, त्यानंतर सतार कशी बदलून घेतली

माझ्या डाव्या कोपरातली नस खराब झाली, तिथपासून सतार परत बऱ्यापैकी वाजायला लागेपर्यंत दोन वर्षांच्या वर काळ गेला. या काळात मी रात्र रात्र मोबाईलवर शोधलंय. आजाराची माहिती सापडते, हाताच्या व्यायामाचे व्हिडिओ सापडतात, पण हात असा झाल्यावर वाद्याचं काय करायचं, ते कोणाकडे न्यायचं, काय बदलून मागायचं, किती पैसे लागतात हे मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहून ठेवतेय. गिटार, मेंडोलिन, व्हायोलिनवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

मी अमळनेरची, एका खासगी शाळेत क्लार्क आहे, वय ४६. सतार कॉलेजात असताना धरली, लग्न झाल्यावर बरीच वर्षं सुटली, मग मुलगी मोठी झाल्यावर परत सुरू केली आणि रविवारी सकाळी एसटीने धुळ्याला सरांकडे जायला लागले. स्टेजवर वाजवणारी मी नाही. घरी रोज तासभर, गल्लीत भजन असलं तर साथीला, आणि श्रावणात आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या जागरणाला. पण तो तासभर माझा होता, एवढंच सांगते.

२०२२ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा जाणवलं, आणि ते वाजवताना नाही तर सतार जुळवताना, म्हणजे तारा सुरात लावताना. खुंटी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून आत दाबत दाबत फिरवावी लागते, तर माझ्या अंगठ्याचं टोक आपोआप वाकायचं आणि खुंटी सुटायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, लाकूड वाळतं, खुंट्या सैल होतातच, म्हणून खडू लावून बघितला, फरक नाही. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर राहायला लागलं. एका खासगी डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्याचं आहे म्हणाले, गळ्याला पट्टा आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. निम्मा पावसाळा त्यात गेला आणि तेवढ्यात ती दोन्ही बोटं हळूहळू आत वळायला लागली. एकदा पोळ्या करताना करंगळीला तवा लागला, ते मला संध्याकाळी फोड दिसल्यावर कळलं. तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

सप्टेंबरात क्षयरोग आणि कुष्ठरोगाची घरोघर शोधमोहीम होती. आशाताई आल्या, अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का विचारलं. दंडाच्या मागच्या बाजूला होता एक, खाजत नाही दुखत नाही म्हणून मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांनी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे कोपराच्या आतल्या हाडामागे चाचपून बघितलं, नस जाड झालेली आणि हात लावला की कळ मुंगीसारखी करंगळीपर्यंत जायची. मग डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने तळहातावर एकेक ठिकाणी टेकवलं, जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवा म्हणाले. करंगळीच्या बाजूला मला एकही ठिकाण दाखवता आलं नाही. करंगळी बाहेरच्या बाजूला काढा म्हणाले, ती हललीच नाही. हाताच्या नसा खराब होण्यामागे आपल्या देशात हा आजार बऱ्याचदा असतो आणि कोपरातली ही अल्नर नर्व्ह त्यात सगळ्यात जास्त सापडते, हे मला तिथेच कळलं.

हो, कुष्ठरोग. नाव लिहायला हात अडखळत नाही आता. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्याचा संसर्ग दुसऱ्याला होत नाही आणि कोर्स पूर्ण केला की माणूस बरा होतो, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, तरी भजनातल्या दोघीतिघींनी माझ्या घरचा चहा घ्यायचं टाळलं. घरचे मात्र ठाम राहिले. सासूबाई रोज सकाळी एकच विचारायच्या, "तुना हात आते कसा शे व माय?" आणि उत्तर ऐकेपर्यंत हातातलं काम सोडून उभ्या राहायच्या.

औषध म्हणजे एमडीटी, दोन-तीन औषधं एकत्र घ्यायचा कोर्स, सरकारी दवाखान्यात पूर्ण फुकट, महिन्याचं पाकीट मिळतं, पहिल्या दिवसाचा डोस समोर बसून घ्यायचा. माझा कोर्स १२ महिन्यांचा होता. त्या डोसच्या दिवशी लघवी लाल होते, घाबरायचं नाही. कातडी काळवंडते, कोर्स संपल्यावर हळूहळू निवळते. नसेला सूज होती म्हणून सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या, आधी जास्त आणि मग काही महिन्यांत कमी कमी करत. तोंड सुजलं, वजन वाढलं, शुगर मधून मधून तपासावी लागली. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, कितीही कंटाळा आला तरी.

सतार तेव्हा पूर्ण बंद ठेवायला सांगितली होती. कोपर वाकवून ठेवला की ही नस ताणली जाते आणि सुजलेल्या नसेला ते सोसत नाही. झोपतानासुद्धा हात दुमडायचा नाही, मी कोपराला टॉवेल गुंडाळून झोपायचे. सतार गवसणीत घालून कपाटावर ठेवली. सगळ्या तारा उतरवून ठेवल्या हे बरं केलं, एवढे महिने ताणावर राहिली असती तर दांडी वाकायची भीती होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्स संपला. करंगळीच्या बाजूची जाणीव थोडी परत आली होती, तळहाताला टेकलेलं कळायचं, पण बोटांच्या टोकांना नाही. जोर तर जवळजवळ आला नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस बसून तिथे खड्डा पडलाय तो आजही आहे. नस मुळातच फार सावकाश वाढते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत पोचायला वर्षाच्या वर जातं, तेही वाढली तर.

मग ऑपरेशनचा विषय निघाला. वळलेली बोटं सरळ करायला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, एका जागेवरून दुसरीकडे बसवायचं ऑपरेशन असतं, सरकारी योजनेत फुकट होतं, तीन आठवडे प्लास्टर आणि नंतर बरेच दिवस फिजिओथेरपी. औषधाचा कोर्स झालेला पाहिजे आणि निदान सहा महिने नसेची परिस्थिती स्थिर पाहिजे. हे वाचणाऱ्या प्रत्येक वादकाला इथे थांबवून सांगावंसं वाटतं की सर्जनला तुम्ही कुठल्या बोटाने वाजवता ते पहिल्याच भेटीत सांगा. प्रत्येक बोट वाकवायला दोन टेंडन असतात आणि या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा मधल्या बोटाचा एक काढून तो बाकीच्या बोटांसाठी वापरतात. रोजच्या कामात त्याची उणीव फारशी जाणवत नाही म्हणतात. पण सतारीत मधलं बोट म्हणजे निम्मा संसार. मी सतार वाजवते म्हटल्यावर डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसले, अनामिकेचा का घेता येत नाही ते समजावलं, की नस कोपरापाशीच गेल्यामुळे अनामिकेचा दुसरा टेंडन आधीच कमजोर असतो, त्यातला चांगला काढला तर त्या बोटात काही उरत नाही. मनगटाचा टेंडन वापरायचीही पद्धत आहे म्हणाले. घाई नाही, आधी आहे त्या हाताने काय जमतं ते बघा, मग ठरवू. मला हे पटलं.

सरांना फोन केला तर ते म्हणाले, अगं सतारीला डाव्या हाताची बोटं लागतात किती, दोनच की! हे खरंय. पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या कांड्यांवर, पहिलं आणि मधलं बोट फिरतं, अनामिका क्वचित, करंगळी नाहीच. मुलीने त्याच आठवड्यात जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवादकाचा व्हिडिओ दाखवला. १९२८ मध्ये आगीत त्याच्या डाव्या हाताची नेमकी हीच दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, निकामी झाली होती आणि पुढे उरलेल्या दोन बोटांवर त्याने असं वाजवलं की आजही लोक ते शिकतात. मला वाटलं चला, म्हणजे आपलं काहीच गेलेलं नाही.

सतार खाली काढली, तारा चढवल्या, आणि लक्षात आलं की बोटं मोजून काही उपयोग नाही. दोन बोटं होती, तरी सतार जुळवता येत नव्हती. मींड ओढायला, म्हणजे पडद्यावर तार बाजूला ताणून पुढचा स्वर काढायला गेले की पहिलं बोट मागे सरकायचं. अंगठा दांडीमागे टिकायचा नाही. आणि वाजवून झाल्यावर बघते तर करंगळीच्या बाजूला रक्त, पडद्यांची टोकं घासत होती आणि मला पत्ता नाही.

त्या दिवशी खूप रडले.

फिजिओथेरपीच्या मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या पुढच्या वेळी सतारच घेऊन या. मी नेली. ओपीडीच्या बाकड्यावर बसून वाजवलं, आजूबाजूच्या पेशंटनी गर्दी केली, मॅडम मात्र माझ्या हाताकडे बघत होत्या, गाण्याकडे नाही. मग त्यांनी माझा केसपेपर उचलला, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरायला लावला आणि ओढला. अंगठ्याचं टोक वाकलं, कागद सुटला. हेच खुंटीचं होतंय बघा, म्हणाल्या. चिमटीत धरायचा अंगठ्याचा स्नायू याच नसेवर चालतो, तो गेला की शरीर टोक वाकवून भागवायला बघतं. बोटं वाकवायचा जोर तुमचा शाबूत आहे कारण तो दुसऱ्या नसेवर आहे, बाजूला रेटायचा गेलाय, म्हणून मींडेला बोट डगमगतं. तेव्हापासून आम्ही सतारीचं एकेक काम सुटं करून बघायला लागलो, जुळवणं वेगळं, दाबणं वेगळं, ओढणं वेगळं, धरणं वेगळं, आणि त्वचा सांभाळणं हे एक वेगळंच काम. माझं म्हणणं आहे की कुठलंही वाद्य असो, पैसे खर्च करण्याआधी हे करा, एखादा फिजिओथेरपिस्ट वाद्यासकट हात बघायला तयार होईपर्यंत विचारत राहा.

पहिले बदल स्वस्तातले होते. गल्लीतल्या सुताराकडून शिसवीच्या तुकड्याची एक चावी करून घेतली, वीतभर लांब, एका टोकाला खाच, खुंटीच्या डोक्यावर बसेल अशी. २०० रुपये घेतले. लांब दांड्यामुळे चिमटीची गरज राहत नाही, मुठीत धरून फिरवता येतं. काही जण विचारतात उजव्या हाताने खुंटी का नाही फिरवत, तर फिरवता येते, पण खुंटी आत दाबताना सतार मांडीवरून घसरते आणि ती सावरायला डावा हात पुरत नाही. घसरण्यावर इलाज म्हणजे ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळीची मॅट, एक तुकडा मांडीवर, एक भोपळ्याखाली. फार फरक पडला.

दाबणं आणि ओढणं सोपं करायला तारा बदलल्या. बाजाची, म्हणजे मुख्य तार तीन नंबरची होती, ती काढून बारीक दोन नंबरची लावली, आणि सतार काळी एकवरून पांढरी सातला, म्हणजे हार्मोनियमच्या दोन पट्ट्या खाली, उतरवली. दोन पट्ट्या उतरवल्यावर तारेवरचा ताण साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो, तार बारीक केल्याने आणखी कमी. टोनी आयोमी म्हणून एक इंग्लिश गिटारिस्ट आहेत, १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, ते डावखुरे असल्यामुळे पडद्यांवरचा हात तोच, तर त्यांनी प्लास्टिक वितळवून बोटांच्या टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे पुढे गिटारही खाली उतरवली. म्हणजे हा मार्ग जुनाच आहे. एक तोटा सांगते, आवाज बारीक होतो आणि तार फार सैल झाली तर जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवरून उठणारा झंकार, फिस्कटते. सरांना सुरुवातीला तो आवाज सहन होत नव्हता, त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं, पण एकदाही बोलले नाहीत.

अंगठ्यासाठी मॅडमनी गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची छोटी नळी करून दिली, ती सांध्यावर बसते आणि टोक वाकू देत नाही. करंगळी-अनामिकेला स्ट्रेचच्या कापडाची जोडपिशवी, ती मी घरी मशीनवर शिवली. शिवण आतून येऊ देऊ नका, बधिर कातडीला शिवणही कापते.

याच काळात दिव्यांग प्रमाणपत्राचं काम चाललं होतं, तेही सांगून टाकते. २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा वेगळा प्रकार आहे, फॉर्म भरताना तो निवडायचा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा, आणि औषधाचा कोर्स पूर्ण झाल्याचा कागद. हा शेवटचा कागद दवाखान्यातून आधीच घेऊन ठेवा. नोव्हेंबरात अर्ज केला, बोर्डाचे ठरलेले वार असतात, सकाळी लवकर नंबर लावायचा, डबा-पाणी सोबत न्यायचं. बोर्डाने दोन्ही हातांचा जोर, जाणीव, पकड तपासली. टक्केवारी चाळीसच्या वर आली, कार्ड पोस्टाने यायला उन्हाळा उजाडला. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, बायकांना अर्धं तिकीट तसंही २०२३ पासून आहेच, पण धुळ्याच्या रोजच्या फेऱ्या करणाऱ्याला तोही फरक जाणवतो. मला मात्र त्या कार्डाचा खरा उपयोग शाळेत झाला, टायपिंगचं काम कमी करून मागायला कागद हातात होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, गावभर पाहुणे, शाळेला ड्युट्या, त्यामुळे मिरजेला जाणं त्यानंतरच जमलं. खान्देशातून मिरजेला जायला महाराष्ट्र एक्सप्रेस सरळ आहे, जळगावहून बसायचं, एक रात्र गाडीत जाते. सतार फायबरच्या पेटीत, आणि पेटी वरच्या बर्थवर माझ्या शेजारी, मी कडेला आखडून. सामानात देऊ नका.

मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलं की दारादारात भोपळे टांगलेले दिसतात, ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. पहिल्या दुकानात मी काय पाहिजे ते सांगितलं तर त्यांनी हात जोडले, सतारीला गिटारच्या चाव्या आम्ही लावत नाही म्हणाले. वाईट वाटलं, पण त्यांचंही घराणं आहे. दुसऱ्या ठिकाणचे कारागीर साठीचे असतील, त्यांनी सतार हातात घेण्याआधी माझा हात बघायला मागितला. मी आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, एकेक बोट उघडून बघितलं आणि म्हणाले, बसा ताई, चहा येतोय. हे मी कधी विसरणार नाही.

मग त्यांनी मला वाजवायला लावलं आणि एक पातळ पट्टी तारेखाली सरकवत सरकवत प्रत्येक पडद्यापाशी उंची बघितली. तार पडद्यापासून जितकी वर तितका दाबायला जोर, पण खूप खाली आणली तर मींडेत तार पुढच्या पडद्याला लागून खरखरते, म्हणून मधला मेळ काढायचा. ठरलं ते असं, की घोडीचे पाय घासून तार खाली आणायची आणि जवारी नव्याने काढायची, वाकडेतिकडे झालेले पडदे बदलायचे, सगळ्या पडद्यांची खालची टोकं गोल घासून गुळगुळीत करायची, आणि वरच्या पाच खुंट्या काढून तिथे गिटारच्या चाव्या. या चावीत दातेरी चाक असतं, चावी चौदा-पंधरा वेळा फिरवली की रूळ एकदा फिरतो, त्यामुळे जोर लागतच नाही, करंगळी नसली तरी चालते. चिकारीच्या, म्हणजे कडेच्या उंच सुराच्या तारांच्या, दोन खुंट्या लाकडीच ठेवल्या, त्यांना माझी शिसवीची चावी पुरते. त्यांनी ती चावी हातात घेऊन बघितली, खाचेला चामडं लावून दिलं, म्हणजे खुंटीवर ओरखडे येत नाहीत. बारीक जुळणीला तारांवर मणी होतेच.

एक अडचण त्यांनी आधीच सांगितली, की चाव्या धातूच्या, सतारीचं टोक जड होणार आणि तो भार डाव्या हातावर येईल. त्यावर त्यांनीच हलक्या चाव्या सुचवल्या, त्या मी ऑनलाइन मागवून त्यांच्या पत्त्यावर पाठवल्या, १,८०० रुपये. कामाचे १३,००० झाले, निम्मे आधी दिले. महिनाभरात देतो म्हणाले होते, दोन-अडीच महिने लागले, लाकूड टोकरून भोकं बुजवायची, पॉलिश वाळायचं, लग्नसराईत त्यांचा मदतनीस गावी गेलेला. फोन केला की दर वेळी फोटो पाठवायचे. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी त्यांना पाठवली तर म्हणाले तुमच्या सतारीचं काम त्याच बाकावर चाललंय.

मे महिन्यात हे आणि मी जाऊन सतार आणली. आणल्यावर पहिला प्रश्न आपल्या उन्हाळ्याचा. खोलीत कूलर लावला की हवा ओली होते, बंद केला की परत कोरडी, आणि दोन-तीन दिवसांत जवारीचा आवाज बदलतो, खुंट्या कधी फुगून बसतात तर कधी सुटतात. सतार कूलरच्या खोलीत ठेवू नका, आतल्या खोलीत पेटीत ठेवा. चाव्यांना याचा काही त्रास नाही हा एक मोठा फायदा.

मी पहिल्यांदा एकटीने, कुणाला हाक न मारता, सतार जुळवली त्या दिवशी अर्धा तास नुसती जुळवत बसले होते. वाजवलं काहीच नाही. सा लावायचा, उतरवायचा, परत लावायचा.

वाजवण्यात काय गेलं तेही सांगायला हवं. पूर्वी एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत मींड जायची, आता दोन, चांगल्या दिवशी तीन. ती ओढतानाही पहिल्या बोटामागे मधलं बोट लावून दोन्हींनी मिळून ओढते आणि जोर मनगटातून घेते. दरबारी राग सरांनी बाजूला ठेवायला सांगितला, त्यात मींडेशिवाय काही उरत नाही. भूप, दुर्गा, देस चालतात. जिथे मींड पुरत नाही तिथे घसीट घेते, म्हणजे बोट तारेवरून घसरवत पुढच्या पडद्यापर्यंत नेते. संथ लयीची मसीतखानी गत निवांत जमते, जलद रजाखानीत झाला, म्हणजे चिकारीवरचे भरभर आघात, आला की डाव्या हाताला उलट आराम मिळतो कारण काम उजव्याचं असतं. कोपर फार वाकू नये म्हणून खाली मांडी घालून बसण्याऐवजी बिनहाताच्या खुर्चीवर बसते, डाव्या पायाखाली पाट. पंधरा-वीस मिनिटं वाजवलं की थांबायचं, पिशवी काढून दोन्ही बोटं सगळीकडून बघायची, लाल झालंय का, फोड आहे का. लाल दिसलं तर त्या दिवशी बंद. रात्री हात पाण्यात भिजवून तेल लावायचं, बधिर कातडीला घाम येत नाही, ती भेगाळते. हे रोज करते, एकही दिवस चुकवत नाही.

ऑगस्टमध्ये कानबाई बसली तेव्हा जागरणाला गल्लीतल्या बायकांच्या गाण्यांना साथ केली. थोडा वेळच, मग मुलीने हार्मोनियम घेतली. ज्या दोघीतिघींनी चहा सोडला होता त्यातली एक शेजारी येऊन बसली, तिने कानबाईच्या प्रसादाचा रोट वाढला आणि माझ्या पानातलाच तुकडा मोडून खाल्ला. आम्ही त्याबद्दल काही बोललो नाही.

सगळा खर्च धरला, प्रवास सोडून, तर सतारीवर साधारण सोळा हजार गेले. नवी सतार यापेक्षा महाग पडली असती आणि तीही माझ्या हाताला तशीच्या तशी बसली नसती. ज्यांच्याकडे एवढे नाहीत त्यांनी सुताराची चावी, बारीक तार, उतरवलेली पट्टी आणि रबरी मॅट एवढ्यावरच सुरुवात करा, हजार रुपयांच्या आत होतं आणि निम्मी अडचण तिथेच सुटते. मिरजेला जाणार असाल तर हाताचा व्हिडिओ काढून आधी पाठवा, वाजवतानाचा आणि जुळवतानाचा दोन्ही, म्हणजे कारागीर हो की नाही आधीच सांगतो आणि एवढ्या लांबची खेप वाया जात नाही.

तरफांचं, म्हणजे पडद्यांखालच्या आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारांचं, अजून सुटलेलं नाही. त्यांच्या खुंट्या बारीक आणि एकमेकींना खेटून आहेत, शिसवीची चावी तिथे शिरत नाही, म्हणून रविवारी मुलगी त्या जुळवून देते. ती पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जाईल. कारागीर म्हणतात तरफा काढून टाका, सतार हलकीही होईल. सर म्हणतात निदान ‘सा’ आणि ‘प’ या स्वरांच्या तरफा ठेवा. दिवाळीनंतर परत मिरजेला जायचंय तेव्हा ठरवू, आणि ऑपरेशनच्या डॉक्टरांचीही पुढची तारीख त्याच सुमारास आहे, त्यांना यावेळी वाजवतानाचा व्हिडिओ दाखवणार आहे.